खुर्चीच्या उंचीवरून ताम्हिणी

ताईच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली त्याला आता नऊ वर्षं झाली. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. चाकाची खुर्ची खाली न्यायची म्हणजे चार माणसांना हाक मारायची. कुणाला किती वेळा त्रास द्यायचा, म्हणून ती उतरते ते दवाखान्यापुरती. एके काळी पावसाळ्यातला एकही रविवार घरात न काढणारी ही बाई.

भाच्याने व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारा, हेडसेट आणला तेव्हा तिने तो हौसेने डोळ्यांवर चढवला. कुठल्याशा परदेशी जंगलातली पायवाट होती. कॅमेरा चालत होता, ताई बसलेली होती. दोन मिनिटांत तिला मळमळायला लागलं. डोळे म्हणतात आपण चाललोय, कानाच्या आतलं तोल राखणारं इंद्रिय म्हणतं बसलोय, आणि या ओढाताणीत पोट ढवळतं. पण तिचं दुखणं वेगळंच होतं. "अगं, मळमळीचं सोड. मला दुसऱ्याच्या पायांनी चालवू नका. एका जागी निवांत बसू द्या."

मग श्रावणात आम्हीच ताम्हिणी घाटात गेलो. खुर्चीत बसल्यावर तिचे डोळे जेवढ्या उंचीवर येतात, ती आधी टेपने मोजून घेतली. तेवढ्याच उंचीवर, भातखाचराच्या बांधाशी ३६० अंशांचा कॅमेरा लावला आणि चाळीस मिनिटं हलवला नाही. भिंगावर थेंब पडत होते, ते पुसले नाहीत. खाली ओढा, मागच्या झाडीत शीळकरी कस्तूर.

घरी ताईने हेडसेट लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मान सावकाश डावीकडे वळली, मागे गेली, मग खाली झुकली. "बांधावर तेरडा फुललाय गं." सर आली तसा तिचा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळवा वर करून. येताना पिशवीत घालून आणलेलं ओल्या मातीचं ढेकूळ मी त्या तळव्यावर ठेवलं. तिने ते नाकाशी नेलं. सदा कानांशी आवळलेले तिचे खांदे खाली आले. ते मी पाहिलंय.

निसर्ग नुसता दिसल्याने काय फरक पडतो, यावर संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. मात्र २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पीटर कान आणि सहकाऱ्यांनी खरी खिडकी, तेच दृश्य त्याच वेळी दाखवणारा मोठा पडदा आणि कोरी भिंत यांची तुलना केली. ताणानंतर हृदयाचे ठोके लवकर निवले ते खऱ्या खिडकीपाशी. पडदा भिंतीहून सरस ठरला नाही. तो भिंतीवरचा सपाट पडदा होता, चहूबाजूंनी वेढणारं दृश्य नव्हे, हे खरं. तरी हा निष्कर्ष मला दडवायचा नाही, कारण आमच्या सोसायटीच्या बैठकीत लिफ्टचा विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, "आता ताईंना घरबसल्या सगळं दिसतं की!"

मला याचीच भीती वाटते. हेडसेट हवाच. ज्यांना अंथरुणातून हलताही येत नाही त्यांच्यासाठी तर हवाच हवा, आणि त्यात त्यांच्याच ओळखीचा पाऊस, त्यांचंच शिवार असावं. पण तो लिफ्टच्या बदल्यात नको. लिफ्टसारखी सोय ही मेहेरबानी नव्हे; दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. आणि मनावर घेतलं तर सोय होतेही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली वाळूवरून थेट पाण्याच्या दिशेने जाणारा २६३ मीटरचा लाकडी मार्ग झाला. चाकाची खुर्ची त्यावरून लाटांच्या जवळ जाते.

त्याचे फोटो ताईने मोठे करकरून पाहिले. फळ्यांमधल्या फटींत चाक अडकेल का, एवढंच तिने विचारलं. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. जिना उतरवायला चौघांना आत्तापासून सांगून ठेवलंय, त्यांत ते गृहस्थही आहेत.