उंचीचं मूळ जमिनीत

वर्धा रोडवर नवा टॉवर उभा राहिला की माना वर जातात. निम्मी कारागिरी मात्र जमिनीखाली असते. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया खालच्या टणक थरापर्यंत न्यावा लागतो. वर भार पेलतो तो सांगाडा, भिंती नव्हेत. मुंबईचं वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकातच ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं. अशाच सांगाड्यासाठी गाजलेली शिकागोची होम इन्शुरन्स इमारत त्यानंतरची, १८८५ ची. दोर तुटला तरी लिफ्ट जागीच अडवणारी एलिशा ओटिस यांची युक्ती १८५० च्या दशकातली. तिच्यामुळेच वरचे मजले राहण्याजोगे, पुढे महागही झाले. या शोधांवरच हा अंक आहे. आमचा आग्रह एवढाच: फ्लॅट घेताना बाल्कनीतला देखावा नंतर पाहा, आधी माती परीक्षणाचा अहवाल मागा.