कायद्याच्या विद्यार्थिनींसाठी आपली पाटी कुठे आहे?

कायद्याच्या कोणत्याही महाविद्यालयात जा आणि सूचनाफलकापाशी पाच मिनिटे उभ्या राहा. मूट कोर्टच्या स्पर्धा, निबंधस्पर्धा, परिषदा, मुंबई-दिल्लीच्या लॉ फर्ममधल्या इंटर्नशिप, परदेशी शिष्यवृत्त्या यांनी फलक भरलेला असतो. आता तर हीच यादी मुलींच्या मोबाइलवर रोज येऊन पडते. या गर्दीत एक सूचना मात्र फार क्वचित दिसते, ती म्हणजे आपल्यासारख्या एखाद्या स्त्री संघटनेची. ‘आमच्या सल्ला केंद्रात चार आठवडे काम करायला या. काम मराठीत आहे. एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण आम्ही देऊ.’ एवढ्या तीन ओळी लिहून लावायला आपल्याला कोणी अडवले आहे का?

मी वकील नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. केंद्रात आलेल्या बाईशी कसे बोलायचे, तिला धीर कसा द्यायचा, सासरच्यांना समोर कसे बसवायचे हे आपण सगळ्याजणी कामातून शिकलो आहोत. पण बाई कोर्टाची पायरी चढली की आपले हात तोकडे पडतात. तिथून पुढे काय घडते ते तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही धड कळत नाही.

खावटीचा अर्ज घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ठरवून दिले की, खावटीच्या प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करायचे. हा निर्णय बायकांच्या बाजूचा आहे, कारण ‘मला काहीच मिळकत नाही’ असे नुसते तोंडी सांगून नवऱ्याला आता सुटता येत नाही. पण ते शपथपत्र कित्येक पानांचे असते. त्यात घरभाड्यापासून मुलांच्या शाळेच्या खर्चापर्यंत आणि बँकेच्या खात्यापासून जमिनीपर्यंत सगळे भरायचे असते. शेतावर मजुरीला जाणारी बाई हे एकटीने कसे भरणार? वकिलाकडे एका दिवशी पंधरा प्रकरणे असतात. मग अर्धे रकाने कोरेच राहतात आणि समोरचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचेही तेच. 2005 चा हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी आणि अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात समन्सची बजावणीच महिनोन्‌महिने होत नाही. बाई तारखेला जाते, बाकावर दिवसभर बसते आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी घेऊन परत येते. ‘आज काय झाले?’ असे विचारले तर सांगते, ‘काही नाही झाले ताई, तारीख दिली.’ त्या दिवशी काय झाले ते कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलेले असते. पण तो वाचायचा कोणी? नकलेसाठी अर्ज करायचा कोणी? समन्स कुठे अडकले याची चौकशी करायची कोणी?

या कामाला काळा कोट लागत नाही. कायदा शिकलेली नजर आणि हातात वेळ, एवढे पुरते. कायद्याच्या विद्यार्थिनीकडे या दोन्ही गोष्टी असतात.

वेळ तर नियमानेच ठरवून दिलेला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षणाच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त ती करता येत नाही. ती कुठे करायची याच्या यादीत वकील, न्यायालये, कंपन्या यांच्याबरोबर स्वयंसेवी संस्थांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय मूट कोर्टच्या सक्तीच्या पेपरात पक्षकाराची मुलाखत कशी घेतात ते दोनदा पाहून त्याची नोंद डायरीत करायची असते. ही मुलाखत वकिलाच्या कार्यालयात पाहावी किंवा कायदेविषयक मदत केंद्रात, अशी सोय आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातही विद्यापीठांत आणि कायद्याच्या महाविद्यालयांत अशी केंद्रे उभी करायला उत्तेजन देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपवलेले आहे.

कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात ‘विधी सहाय्य केंद्र’ अशी पाटी असलेल्या खोलीत जुनी बाके रचून ठेवली होती. वर्षातून एकदा, 9 नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला, बॅनर लागतो, जवळच्या गावात भाषण होते आणि फोटो निघतो. इंटर्नशिपचे तर बऱ्याचदा ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्र आणले की भागते. मुलींना हे आवडते असे मुळीच नाही. त्यांच्यापुढे दुसरी सोय कोणी ठेवत नाही.

आता ही संधींची यादी कोणाच्या उपयोगाची आहे तेही पाहू. लॉ फर्ममधली इंटर्नशिप बहुतेक वेळा इंग्रजीच्या जोरावर मिळते. तिचे मानधन मिळाले तर मिळाले, पण मुंबईत महिनाभर राहण्या-खाण्याचा खर्च ठरलेलाच असतो. मूट कोर्टच्या स्पर्धेला प्रवेश शुल्क, प्रवास आणि कोट-बूट लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा फक्त इंग्रजीत होते. वंचित घरांतल्या मुलामुलींना या विद्यापीठांत पोचवण्यासाठी 2010 साली शमनाद बशीर यांनी ‘इडिया’ हा उपक्रम सुरू केला तो याच कारणाने. आपल्या राज्याची कायद्याची सीईटी मराठीतही देता येते आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ठराविक उत्पन्नगटातल्या मुलींचे शुल्क 2024 पासून शासनाने माफ केले आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण वर्गात बसायला मिळाले म्हणजे कोर्टात उभे राहायला मिळाले असे नाही. घरात कोणी वकील नसलेली, मराठी माध्यमातून आलेली तालुक्याची मुलगी पाच वर्षे शिकते आणि पदवीच्या वेळी तिच्याकडे दाखवण्यासारखा एकही अनुभव नसतो. सनद मिळाल्यावर तीच मुलगी तालुका न्यायालयात आपल्या बायकांची भाषा सगळ्यात चांगली समजू शकते. तिला आपल्या कामाची ओळख तेव्हा नव्हे, आज व्हायला हवी.

कायद्याचे शिक्षण आणि स्त्रियांचा लढा यांची गाठ यापूर्वी पडलेली आहे. मथुराच्या खटल्याच्या निकालानंतर 1979 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिणारे उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार हे चौघे कायद्याचे अध्यापक होते. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 साली कायदा बदलला. त्याच वर्षी शीला बर्से यांच्या खटल्याचा निकाल लागला. कोठडीतल्या स्त्रियांवर होणाऱ्या मारहाणीची ही तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांशी बोलण्यासाठी निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आरमायटी देसाई यांना पाठवले होते. म्हणजे बाईचे म्हणणे ऐकून घ्यायला न्यायालयालाही समाजकार्याची मदत लागली. आपण मात्र आज आपापल्या कप्प्यात बसलो आहोत.

यावर आपल्याच मैत्रिणी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मुली प्रमाणपत्रासाठी येतात, त्यांना शिकवण्यातच आपला वेळ जातो, बाईची खाजगी गोष्ट बाहेर जाते. या शंका खोट्या नाहीत, पण त्यांवर उपाय आहेत. एका वेळी दोघींनाच घ्यावे. पहिल्याच दिवशी गुप्ततेचे लेखी वचन घ्यावे. बाईची परवानगी असेल तरच तिच्या मुलाखतीला बसू द्यावे आणि तिने नाही म्हटले तर कारण विचारू नये. सनद नसताना कोर्टात बाजू मांडता येत नाही, सल्ला आपल्या नावाने द्यायचा नाही, हे स्पष्ट सांगावे. मुलगे आले तर त्यांनाही घ्यावे, त्यांना कोर्टातल्या कागदपत्रांचे काम द्यावे. आणि चार आठवडे खरोखर काम केल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, मग प्राचार्यांचा फोन आला तरी.

कामाची आखणी अवघड नाही. पहिल्या आठवड्यात केंद्रात बसून ऐकायचे आणि जुन्या नोंदी वाचायच्या. दुसऱ्यात कोर्टात जाऊन आपल्या बायकांच्या प्रकरणांचे रोजनामे पाहायचे, नकलांचे अर्ज करायचे. तिसऱ्यात शपथपत्रासाठी लागणारे कागद बाईबरोबर बसून जमवायचे. चौथ्यात प्रत्येक बाईसाठी तिच्या प्रकरणाचा एक पानी गोषवारा सोप्या मराठीत लिहायचा आणि तो तिला वाचून दाखवायचा.

आणखी एक काम तर तातडीचे आहे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. आपल्या पुस्तिकांत अजून 498अ आणि 125 हेच आकडे आहेत. नव्या भारतीय न्याय संहितेत क्रूरतेची कलमे 85 आणि 86 आहेत, तर खावटीचे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 आहे. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमे लागतात. आपल्या पुस्तिका तपासून दुरुस्त करणे हा विद्यार्थिनींसाठी उत्तम अभ्यास आहे आणि आपली गरजही.

एकेका संघटनेला खर्च झेपत नसेल तर जिल्ह्यातल्या तीन-चार संघटनांनी मिळून तो उचलावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत सनद मिळेपर्यंत कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक होता येते, त्याचीही चौकशी जिल्हा प्राधिकरणाकडे करावी. मूट कोर्टच्या स्पर्धांबद्दल नुसती नाके मुरडण्यापेक्षा प्राचार्यांना सांगावे की, एक स्पर्धा मराठीत घ्या, विषय खावटीचा ठेवा, खटला आम्ही लिहून देतो.

मैत्रिणींनो, आपण वकिलांविषयी नेहमी तक्रार करतो. त्यांना बाईशी बोलता येत नाही, ते तडजोडीची घाई करतात, फी आधी मागतात. पण वकील घडत असताना आपण त्यांच्या आसपासही नव्हतो. या वर्षी जिल्ह्यातल्या एका तरी महाविद्यालयाला पत्र लिहा, तीन ओळींची सूचना फलकावर लावून या, आणि कोण आले, काय जमले, काय फसले ते या अंकाकडे लिहून पाठवा.