मुंग्या कुठे गेल्या?



तुमच्या वर्गातल्या पंख्याला पाती किती, तीन की चार? वर न बघता सांगायचं हं! नाही ना सांगता येत? लाजू नका. मलाही मान वर करूनच बघावं लागलं, आणि त्या पंख्याखाली मी रोज पाच तास उभी असते.

म्हणून आमच्या तिसरीच्या वर्गात आम्ही एक उद्योग सुरू केला. मधली सुट्टी संपली की पाच मिनिटं एकच काहीतरी बघायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. कधी खिडकीच्या गजावरचे पावसाचे थेंब, कधी स्वतःचा तळहात. पहिले काही दिवस नुसती चुळबुळ. "बाई, झाली का पाच मिनिटं?" असं दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी विचारायचं. मग हळूहळू जमायला लागलं.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी व्हरांड्यातल्या भिंतीवर काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. आम्ही सगळे भिंतीपासून तीन-चार पावलांवर गोल करून बसलो. पाच मिनिटांनी वह्यांत काय काय उतरलं म्हणून सांगू! मुंग्या जातातही आणि येतातही, पण रस्ता एकच. समोरासमोर आल्या की क्षणभर थांबून एकमेकींच्या मिशांना मिशा लावतात. काहींच्या तोंडात पांढरं पांढरं काहीतरी असतं. आपण त्याला सरसकट अंडी म्हणतो, पण त्यात बरेचदा अळ्या आणि कोषही असतात.

मग मी ओल्या बोटाने रांगेवर मधेच एक आडवी रेघ ओढली. झालं! अलीकडच्या मुंग्या अलीकडे थबकल्या, पलीकडच्या पलीकडे. इकडेतिकडे नुसती धावाधाव. मुंगी चालताना जमिनीवर वासाचा माग सोडत जाते आणि मागच्या मुंग्या तो हुंगत येतात. मी तेवढा माग पुसून टाकला होता. थोड्या वेळाने एक मुंगी कशीबशी पार झाली, मग दुसरी, आणि बघता बघता रांग पुन्हा जुळली.

रिचर्ड फाइनमन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. १९६५ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांच्या न्हाणीघरातल्या टबापाशी मुंग्या आल्या. आपण काय केलं असतं? तांब्याभर पाणी ओतलं असतं! त्यांनी टबाच्या दुसऱ्या टोकाला साखर ठेवली आणि दुपारभर वाट बघत बसले. एका मुंगीला साखर सापडली. ती परत निघाली, तशी त्यांनी तिच्या मागोमाग रंगीत पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ चांगलीच वेडीवाकडी आली. पुढची मुंगी त्याच मागावर निघाली, पण घाईत वळणं थोडी कापत गेली. तिच्याही मागे रेघ. आठ-दहा मुंग्या होईतो रस्ता सरळ झाला. एवढ्या मोठ्या माणसाला लागलं काय, तर पेन्सिल, चिमूटभर साखर आणि एक दुपार.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती आईबाबांनीही वाचावी.

वह्या बघताना एका मुलीच्या वहीत एकच वाक्य होतं, 'भिंतीवर काळा दोरा आहे.' मी म्हटलं, "अगं, मुंग्या कुठे गेल्या?" तर ती म्हणाली, "कुठेयत मुंग्या, बाई?" मला वाटलं, चेष्टा करतेय. तिचा हात धरून तिला भिंतीजवळ नेलं. अगदी वीतभर अंतरावर गेल्यावर ती एकदम ओरडली, "अय्या, दोरा चालतोय!"

माझ्या पोटात गोळाच आला. जूनपासून मी या मुलीला बोलत होते. शेजारणीच्या वहीत बघून लिहितेस म्हणून, फळ्यावरचं अर्धंच उतरवतेस म्हणून. एकदा तर सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तिला फळा दिसतच नव्हता हो! शेजारणीची वही तेवढी दिसत होती. आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांनाच फळा असा धूसर दिसतो, अशी तिची समजूत.

आईला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "टीव्हीला नाक लावून बसते म्हणून आम्हीही रोज ओरडतो, बाई." डोळे तपासले, चष्मा लागला. मी तिची माफी मागितली, वर्गासमोरच, कारण बोलले होते तेही वर्गासमोरच. तिला माझ्यापेक्षा नव्या चष्म्याचं कौतुक जास्त होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ती व्हरांड्यात पळाली आणि परत येऊन म्हणाली, "बाई, लांबूनसुद्धा पाय दिसतात!"

तर आता तुमची पाळी. एक रांग शोधा, पेन्सिल घ्या, साखरेचे चार दाणे ठेवा आणि काय काय दिसलं ते मला लिहून कळवा. चित्र काढलंत तर फारच छान. आणि हो, मुंग्या काळ्याच निवडा. लाल मुंग्यांजवळ बसून मी एकदा पाहिलंय, पाच मिनिटं काही पुरी झाली नाहीत.

तुमची,
बाई