बसऱ्याची आलिया आणि आपल्या वर्गातलं कपाट

15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रातल्या शाळांत तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुलांच्या हाती पुस्तकं येतात, फोटो निघतो आणि बऱ्याच ठिकाणी पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. कपाटाला कुलूप, कारण पुस्तक हरवलं तर हिशेब कोण देणार?

मालेगावात वाचणारे नाहीत असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये इथे राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला, तेव्हा घरंच्या घरं पुस्तकं घ्यायला लोटली होती. पण लूमच्या खडखडाटात, दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाला रोज पुस्तक मिळायचं तर ते शाळेतूनच मिळणार. म्हणून या महिन्यात एका चित्रपुस्तकाची मदत घेऊ.

जेनेट विंटर यांचं ‘द लायब्रेरियन ऑफ बसरा’ 2005 साली आलं. गोष्ट खरी आहे. 2003 साली इराकवर युद्धाचं सावट होतं. बसऱ्याच्या ग्रंथालयाच्या प्रमुख आलिया मुहम्मद बाकर यांनी पुस्तकं सुरक्षित जागी हलवायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग त्या रोज संध्याकाळी थोडी थोडी पुस्तकं गाडीतून घरी नेऊ लागल्या. युद्ध शहरात आलं तेव्हा शेजारच्या हॉटेलचे मालक अनीस आणि आसपासची माणसं धावून आली. पडद्यांत, गोण्यांत, खोक्यांत बांधून पुस्तकं सात फुटी भिंतीवरून हॉटेलात उतरवली. सुमारे 30,000 पुस्तकं वाचली, ग्रंथालय मात्र जळालं. ओझी वाहणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणारेही होते. हे मुलांना जरूर सांगा. ज्यांच्या अब्बूंना शाळा मिळाली नाही, त्या मुलांची मान ताठ होते.

पुस्तक इंग्रजी आहे. चित्रं दाखवत आपल्या भाषेत सांगा. पुस्तक नसेल तर तोंडी सांगा. लहान वर्गात आगीचं वर्णन लांबवू नका. भिंत, पडदे, गाडी यांवर रेंगाळा.

आता उपक्रम.

1. हिशेब: वर्गात 40 मुलं, प्रत्येकाच्या हातात 5 पुस्तकं. एका फेरीत 200. मग 30,000 पुस्तकांना किती फेऱ्या? 150. एका फेरीला 10 मिनिटं धरली तर 25 तास. खरोखर वह्या हातात देऊन एक फेरी काढा, आकडा अंगात भिनतो.

2. माझी पाच पुस्तकं: ‘तुला पाचच वाचवता आली तर कोणती?’ प्रत्येकानं कारणासह सांगावं. एखादं मूल म्हणेल, पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तकंच नाहीत. हसू देऊ नका. पुस्तक आधी कोणाला द्यायचं, ते तिथेच कळतं.

3. शब्दांचं कुटुंब: किताब, कातिब, मकतब, कुतुबखाना. चौघांत क, त, ब आहेत. मुलांनी ते शोधावेत. शेजारी पुस्तक, ग्रंथ, ग्रंथालय, वाचनालय लिहा. उर्दूचं मूल मराठीला आणि मराठीचं उर्दूला घाबरेनासं होतं.

4. खोक्यांचं ग्रंथालय: सुताच्या कोनांची पुठ्ठ्याची रिकामी खोकी आपल्या गावात कमी नाहीत. ती आडवी रचून कप्पे करा. दर आठवड्याला दोन ग्रंथपाल, एक मुलगी, एक मुलगा. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परतीची तारीख, एवढी नोंदवही पुरे.

5. घरचा अभ्यास: दादी किंवा नानीला विचारा, ‘तुमच्या लहानपणी घरात कोणतं पुस्तक होतं? कोण वाचून दाखवायचं?’ उत्तर चार ओळींत लिहून आणा.

राहिला हरवण्याचा प्रश्न. दंडाची धास्ती घातली की मूल पुस्तक नेणंच सोडतं. त्यापेक्षा अमानत हा शब्द द्या. तो आपल्या घरात लहानांनाही कळतो. शेजाऱ्याची वस्तू जपतो तसं हे जपायचं, वेळेवर परत करायचं. फाटलं तर लपवायचं नाही, आणून चिकटवायचं. तरी वर्षाला दोन-चार पुस्तकं जातील. ती गेली म्हणून नोंदवा आणि पुढे चला. कुलपामागे जुनी होणारी पुस्तकं कोणत्याच नोंदवहीत हरवलेली दिसत नाहीत, पण मुलांच्या हिशेबी तीही हरवलेलीच.

पालकांनी एवढंच करावं: रात्री जेवणानंतर दस्तरखान उचललं की दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून मुलाला वाचून दाखवायला सांगावं. आपल्याला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं.