केमोथेरपी आणि परिचारिकेचा 'पडताळा'



गणिताच्या तासाला आपण मुलांना सारखं सांगतो, "उत्तर आलं? आता पडताळा घे." काही मुलं काय करतात, तेही आपल्याला माहीत आहे. शेजारच्याच्या वहीत डोकावतात आणि म्हणतात, "जुळलं!" याला पडताळा म्हणत नाहीत. वर्गात यामुळे फार तर एक गुण जातो. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र जीव जाऊ शकतो.

१९९४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात हे घडलं. बेट्सी लेहमन या ३९ वर्षांच्या, आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकार. डाना-फार्बर या नामांकित कर्करोग संस्थेत त्यांच्यावर उपचार चालू होते. सायक्लोफॉस्फामाइड या औषधाचा चार दिवसांत मिळून द्यायचा डोस त्यांना एकेका दिवसाला दिला गेला, तोही सलग चार दिवस. म्हणजे चौपट औषध! डिसेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. चूक उघडकीला आली ती पुढच्या फेब्रुवारीत, नोंदी तपासताना.

'एकूण' आणि 'दररोज'. चौथीच्या शाब्दिक उदाहरणात मुलं हेच दोन शब्द गोंधळतात ना? पण इथे तो कागद डॉक्टर, औषधनिर्माते, परिचारिका अशा कितीतरी जाणकारांच्या हातांतून गेला होता. तरी कोणीच थांबवलं नाही. म्हणून केवळ "नर्सने लक्ष द्यायला हवं" म्हणणं मला अपुरं वाटतं.

मग खरा पडताळा कसा असतो?

१) दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचं उत्तर न बघता स्वतः हिशेब करायचा. बऱ्याच केमो औषधांचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, त्यामुळे वजन ताजंच हवं.

२) रुग्णाजवळ जाऊन पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक विचारायचा. "तुम्ही पाटीलकाकाच ना?" असं नाही, तर "तुमचं नाव सांगा" असं.

३) औषध, डोस, आजचा दिवस, पंपाचा वेग आणि औषध कुठून द्यायचं, हे सगळं पुन्हा बघायचं.

शिवाय चुकीला वावच राहू नये अशी व्यवस्था हवी. व्हिन्क्रिस्टिन हे औषध फक्त शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर बहुतेक वेळा रुग्ण वाचत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं, की ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्या. कण्यात द्यायचं इंजेक्शन समजून पिशवी कोणी हातात घेणार नाही. किती साधा उपाय!

पालकहो, आपलंही काम आहे. सिस्टरने तिसऱ्यांदा नाव विचारलं तर "किती वेळा सांगायचं?" म्हणून चिडू नका. ती औषध तपासत असताना मध्येच हाक मारू नका. आणि सुई लावलेल्या जागी आग झाली, सूज आली तर "होईल बरं" म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. काही केमो औषधं शिरेबाहेर झिरपली तर तिथली त्वचा आणि मांस जळतं.

रुग्णालयांनीही एका सिस्टरवर रुग्णांचा डोंगर टाकून मग तिलाच दोष देऊ नये. पडताळ्याला वेळ लागतो, दोन माणसं लागतात. आणि "डॉक्टर, हा डोस मला जास्त वाटतो" असं म्हणणाऱ्या परिचारिकेवर कोणी डाफरणार नाही, असं वातावरण लागतं.

हे धाडस नर्सिंग कॉलेजात एकाएकी येत नाही. त्याची सुरुवात आपल्या वर्गात होते. "बाई, फळ्यावरचं उत्तर चुकलंय" असं एखादी मुलगी म्हणाली, तर तिला "शहाणपणा करू नकोस" म्हणू नका. सगळ्यांसमोर शाबासकी द्या. उद्या कुणाच्या तरी उशाशी उभी राहून तीच म्हणेल, "थांबा, एकदा परत बघूया."