पहिल्या वर्षाचा दुर्खीम
समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एमिल दुर्खीम भेटतो आणि विद्यार्थी चक्रावतात. आत्महत्येइतकी खासगी गोष्ट दुसरी कुठली? पण तिच्यावरच्या १८९७च्या ग्रंथात त्याने सरकारी नोंदी पालथ्या घातल्या: कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत, विवाहितांपेक्षा अविवाहितांत प्रमाण जास्त. माणसे वेगळी, तरी एकेका देशाचा दर वर्षानुवर्षे जवळपास तोच! पुढच्या अभ्यासकांनी त्या नोंदींवरच शंका घेतली; तेही शिकवायलाच हवे. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्यापासून सुरू झाला. मग गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास तयार झाले. कर्वे नात्यागोत्यांच्या शोधात गावोगाव हिंडल्या. आज बऱ्याच महाविद्यालयांत मात्र या विषयाचा पाया गाइडवर उरकतात, आणि शेजारच्या वस्तीत वही घेऊन जायला विद्यार्थ्यांना कुणी सांगतच नाही.