परीक्षकाची जीभ

काही वर्षांपूर्वी घाटकोपरमधील एका गृहसंकुलाच्या गणेशोत्सवात पाककला स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हां दोघांना बोलावणे आले. मराठी शिकवणाऱ्यांना पाककलेतले काय कळते, असा प्रश्न आम्हीच विचारायला हवा होता. पण परीक्षकपदाचा मोह मोठा असतो. आम्ही गेलो, वीस-पंचवीस ताटल्यांतील घास चाखले, गुण मांडले आणि निकाल जाहीर केला. बक्षीस समारंभ आटोपल्यावर साठीच्या एक बाई जवळ आल्या. त्यांनी अळूचे फदफदे केले होते. “नंबर नाही आला त्याचं काही नाही. पण काय कमी पडलं तेवढं सांगा,” असे त्या म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि सजावटीविषयी काहीतरी पुटपुटलो. “फदफद्याला कसली हो सजावट?” असे म्हणून त्या हसल्या आणि डबा उचलून निघून गेल्या.

वर्गात समीक्षेची मूल्ये शिकवणाऱ्या आम्हांला एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, ही गोष्ट मनातून जात नाही. दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धा पाहताना ती हमखास आठवते.

वस्तुतः आपल्याकडील पडद्यावरचे स्वयंपाकघर मुळात न्यायालय नव्हते. १९९३ साली ‘खाना खजाना’ सुरू झाला, तेव्हा संजीव कपूर शिक्षकाच्या भूमिकेत होते. त्यांनी कृती सांगावी आणि प्रेक्षकांनी ती वहीत उतरवून घ्यावी, एवढाच व्यवहार होता. पुढे झी मराठीच्या ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले आले ते रसिकाच्या भूमिकेत. पाहुणीने रांधावे, त्यांनी चाखावे, दाद द्यावी. एक शिकवणारा, दुसरा आस्वाद घेणारा; निकाल देण्याचा अधिकार दोघांनीही मागितला नव्हता. २०१० साली ‘मास्टरशेफ इंडिया’ आले आणि चित्र बदलले. अक्षय कुमार, कुणाल कपूर आणि अजय चोप्रा हे पहिल्या पर्वाचे परीक्षक. आता चाखणाऱ्याच्या एका शब्दावर समोरच्या व्यक्तीचे स्पर्धेत राहणे न राहणे ठरू लागले.

परंतु हा परीक्षक नुसता परीक्षक नसतो, आणि आमचा आक्षेप इथेच सुरू होतो. तोच ओट्याओट्यांमधून फिरतो, रस्सा चाखून मिठाची सूचना करतो, एखादे तंत्र स्वतः करून दाखवतो, रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. आणि काही वेळाने तोच त्याला एप्रन उतरवायला सांगतो. गुरू आणि न्यायाधीश एकाच देहात नांदतात. आमच्या व्यवसायाने या दोन भूमिकांत शतकभराच्या अनुभवातून अंतर राखले आहे. पीएच.डी.चा मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर एकटा निर्णय देत नाही. त्यासाठी बहिःस्थ परीक्षक लागतात. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाते. शिक्षक अप्रामाणिक असतो म्हणून ही व्यवस्था नाही. ज्याला आपण घडवले त्याच्याविषयी आपली नजर तटस्थ राहत नाही, ही माणसाच्या स्वभावाची कबुली तिच्यात आहे.

२०२३ साली सातव्या पर्वात विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा परीक्षक असताना समाजमाध्यमांवर अनेक प्रेक्षकांनी पक्षपाताचा आरोप केला. तिघेही आपल्या क्षेत्रातले मोठे जाणकार आहेत, त्याविषयी दुमत नाही. पण मार्गदर्शन आणि निर्णय ही कामे एकाच व्यक्तीकडे असली की असा आरोप सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. गरिमा अरोरांच्या बँकॉकमधील ‘गा’ला २०१८ साली मिशेलिन तारा मिळाला. तो देणारे निरीक्षक मात्र आपली ओळख लपवून जेवायला जातात आणि स्वयंपाकघरात शिरून कुणाला शिकवत नाहीत, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

पाकस्पर्धेत आणखी एक अडचण आहे, आणि ती गाण्याच्या स्पर्धेत नसते. २००९ साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड विजयी झाली, तेव्हा निकालावरून बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघर वाद रंगले. ते रंगू शकले, कारण गाणे सर्वांनी ऐकलेले होते. श्रोत्याचा स्वतःचा कान हे अपिलाचे न्यायालय होते. पाकस्पर्धेच्या प्रेक्षकाला असे न्यायालय नाही. त्याला पदार्थ दिसतो. त्याचा वास येत नाही, चव कळत नाही. त्याच्यापुरती पदार्थाची चव म्हणजे परीक्षकाने उच्चारलेले वाक्य. जिभेची दोन्ही कामे, चाखणे आणि बोलणे, इथे प्रेक्षकाच्या वतीने एकाच माणसाला करावी लागतात. म्हणूनच अन्य कोणत्याही परीक्षकापेक्षा या परीक्षकावर कारण सांगण्याची जबाबदारी अधिक आहे.

प्रत्यक्षात काय घडते? घास तोंडात जातो, डोळे मिटतात, संगीत वाढते, कॅमेरा स्पर्धकाच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. मग ‘वाह’, ‘कमाल’ किंवा ‘मजा नहीं आया’. तंत्रातील दोष कधीकधी नेमकेपणाने सांगितले जातात, हे मान्य करायला हवे. पण अनेकदा कारणाची जागा विरामच घेतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे विशेष वाईट वाटावे, कारण आपले रससिद्धान्ताचे शास्त्रच मुळी स्वयंपाकघराचे ऋणी आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना भरताने दृष्टान्त घेतला तो अन्नाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा सुमनस् पुरुष जसा रस आस्वादतो, तसाच नाट्याचा प्रेक्षक. पण या आस्वादावर भरत थांबला नाही. कशाच्या संयोगाने रस निष्पन्न होतो, हे त्याने विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव अशी नावे देऊन सांगितले. आनंदाची कारणे मांडता येतात, या विश्वासातूनच शास्त्र जन्माला आले.

त्यासाठी लागणारी भाषाही आपल्याजवळ आहे. खमंग आणि खरपूस यांतला फरक, अळणी आणि मिळमिळीत यांतला फरक मराठी घरात पोरासोरांनाही कळतो. दुर्गा भागवतांसारख्या विदुषीने ‘खमंग’ हे पुस्तक लिहिले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने हाताच्या अंदाजाला वाटी-चमच्याच्या मापात आणले, म्हणजेच जे ‘हाताला आहे’ म्हणून सोडून दिले जात होते, ते दुसऱ्याला सांगता येईल असे केले. परीक्षकाने करायचे काम याहून वेगळे नाही.

सजावटीचे तेच. आजच्या स्पर्धांत ‘प्लेटिंग’ला मोठे वजन असते. आपल्याकडे सजावट नव्हती असे कोण म्हणेल? पान वाढण्याचे एक पूर्ण व्याकरण आहे. मीठ वरच्या बाजूला मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. कमी खायचे ते डावीकडे, अधिक खायचे ते उजव्या हाताजवळ, असा त्यामागचा विचार. हे व्याकरण ठाऊक नसलेल्या परीक्षकाला वाडग्यातले फदफदे ओबडधोबड दिसणारच. २०२३ मध्ये मुंबईच्या सुवर्णा बागुल अंतिम तिघांत पोहोचल्या, याचा आम्हांला आनंद झाला. परंतु घरचा पदार्थ अशा मंचावर जाताना आपले व्याकरण बरोबर नेतो की दारातच ठेवून जातो, हा प्रश्न उरतोच.

यावर कुणी म्हणेल की गुरू-शिष्य परंपरेत गुरूच शिकवतो आणि गुरूच पारखतो. खरे आहे. पण तिथे शिष्य तासाभराच्या घड्याळावर दुसऱ्या शिष्याशी बक्षिसासाठी झगडत नसतो, आणि गुरू चूक रोज उठून दाखवत असतो. दुसरा आक्षेप असा की हे अखेर मनोरंजन आहे. त्याला आमचे उत्तर इतकेच की लखनौची एक शिक्षिका, पंकज भदौरिया, पहिल्या पर्वात विजयी होऊन नामवंत शेफ झाली. ज्या खेळाने माणसांची आयुष्ये वळण घेतात, त्याचा न्याय खेळ म्हणून सोडून देता येत नाही. घरातल्या रांधणाऱ्या हाताला या कार्यक्रमांनी नाव आणि प्रतिष्ठा दिली, हे श्रेय त्यांचेच. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही अधिक.

आमच्या अपेक्षा फार नाहीत. जो शिकवतो त्याने निकाल देऊ नये. तीन शेफांच्या जोडीला त्या पदार्थाच्या मुलखातला, तो लहानपणापासून खाल्लेला एखादा जाणकार असावा. आणि निकालाआधी कारण सांगितले जावे, तेही स्पर्धकाला उद्या उपयोगी पडेल अशा शब्दांत.

आता आमच्याविषयी. त्या दिवशी फदफदे चाखताना घशाशी किंचित खवखव जाणवली होती. चिंच कमी पडली होती. एवढे साधे कारण होते, ते आम्हांला ठाऊकही होते. पण वयाने मोठ्या बाईंना भर मांडवात हे कसे सांगावे, या संकोचापोटी आम्ही सजावटीचे नाव पुढे केले. तो संकोच म्हणजे सौजन्य, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. खरे तर तो त्यांचा अपमान होता. त्या कारण ऐकण्याच्या योग्यतेच्या आहेत, हेच आम्ही नाकारले. पुढच्या वर्षी त्यांनी चिंचेचा कोळ थोडा अधिक घातला असता.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर येतो तेव्हा हल्ली आम्ही गुणांशेजारी एक ओळ लिहितो. वेळ लागतो. पण विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन समोर उभा राहिला आणि ‘काय कमी पडलं’ असे विचारू लागला, तर त्याला सजावटीचे कारण सांगण्याची वेळ आमच्यावर येऊ नये.